अंतरिम उत्तर

येरवडा, पुणे
५ जून २००४

चि. चैताली हिला भीमराव मामाचा जय भीम.

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. एकाच शहरात राहून मामा टपालाने पत्र पाठवतो म्हणून तुझ्या खोलीवरच्या मुली हसतील. हसू दे. तुझा फोन आला की मला नुसती कुरकुर ऐकू येते. गेल्या वेळी तू काय सांगत होतीस ते मला अजून कळलेलं नाही, मी आपला 'बरं बरं' म्हणत होतो. उजवा कान निवृत्त झाला, डावा मुदतवाढीवर आहे.

आता कामाचं विचारतो. सौरभला मी फेब्रुवारीत एक ईमेल केली. केली म्हणजे चौकातल्या सायबर कॅफेत बसून मी सांगितली आणि कॅफेवाल्याने टाइप केली. तुझी मामी जाऊन दोन वर्षं होत आली. घरात बोलायला माणूस नाही, आणि कोणी बोललंच तर मला ऐकू येत नाही, असा सगळा आनंद आहे. म्हणून मुलाला सरळ विचारलं, की मी कायमचा न्यू जर्सीला तुमच्याकडे राहायला येऊ का. त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, तेही इंग्रजीत. 'बाबा, गॉट युअर मेल. विल गेट बॅक टु यू ऑन धिस.'

पाटबंधारे खात्यात मी आयुष्यभर इंग्रजी मसुदे लिहिले, पण आमच्या इंग्रजीत हे गेट-बिट नव्हतं. आमचं इंग्रजी कडक इस्त्रीचं. म्हणून शब्दकोश काढून बसलो. नुसतं 'गेट बॅक' म्हणजे परत येणे. गेलेली वस्तू परत मिळवणे, हाही एक अर्थ. पुढे 'ॲट' लागलं तर उट्टं काढणे, आणि 'टु' लागलं तर नंतर कळवणे. शब्दकोशाने अर्थ दिला, पण वापर दिला नाही. तू रोज अमेरिकेतल्या माणसांशी बोलतेस. तिथे हे कुठल्या वेळी म्हणतात, आणि म्हटल्यावर साधारण किती दिवसांत कळवतात, एवढं मला लिहून पाठव.

ताईला दौंडला पत्र लिहिशील तेव्हा माझा जय भीम कळव.

तुझा,
भीमराव मामा

·

सदाशिव पेठ, पुणे
१३ जून २००४

प्रिय मामा, जय भीम.

तुमचं पत्र आमच्या घरमालकीण गोदाबाईंनी माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, "येरवड्याहून आलंय. तुरुंगात कोण असतं तुमचं?" मी म्हटलं, मामा असतात. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही आणि भाड्याचंही सध्या नीट बोलतात.

मामा, तुम्ही विचारलंत ते आमच्या कॉल सेंटरमध्ये रोजच्या जेवणातलं मीठ आहे. ट्रेनिंगचा एक अख्खा आठवडा असल्या क्रियापदांचा होता. होल्ड ऑन, पुट थ्रू, लुक इन्टु, कॉल बॅक. आमची ट्रेनर सांगायची, 'वुई शॅल रिप्लाय' म्हणू नका, कस्टमरला वाटतं कोर्टातून फोन आलाय. 'वुई विल गेट बॅक टु यू' म्हणा, माणूस लगेच शांत होतो. आमच्याकडे लोकांचे बिघडलेले प्रिंटर येतात. म्हणजे प्रिंटर येत नाहीत, त्यांची गाऱ्हाणी येतात. मी तिथे चैताली नसते, चेल्सी असते. हे आईला सांगू नका. तर चेल्सीला उत्तर येत नसलं की ती हे म्हणते. कंपनीचा नियम आहे की दोन दिवसांत कळवायचं.

म्हणजे तुम्ही लावलात तोच अर्थ. थोडं थांबा, बघून सांगतो. दादा कामात बुडालेला असेल. तिकडे खरंच लोकांना मान वर करायला वेळ नसतो.

आमची कंपनीची गाडी तुमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावरूनच कल्याणीनगरकडे वळते. रोज वाटतं, उतरावं आणि तुमच्याकडे चहा प्यावा. ड्रायव्हर थांबत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी मी मेल्यासारखी झोपते. पण येते एकदा. बघते, सवड मिळाली की येतेच.

जेवता ना नीट? रोज पिठलं करून भागवू नका.

तुमची,
चैताली

·

येरवडा
२२ जून २००४

चि. चैताली,

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. मला शंका होतीच, तू ती पक्की केलीस. हे तर आपलं अंतरिम उत्तर आहे.

तुला ते माहीत नसणार, सांगतो. खात्यात एखाद्याचा अर्ज आला आणि निर्णय वरून यायचा असला, तर आम्ही त्याला लगेच एक कागद धाडायचो. 'आपला अर्ज मिळाला. प्रकरण विचाराधीन आहे. निर्णय यथावकाश कळविण्यात येईल.' बाहेरच्या माणसाला वाटतं की याला टोलवला. तसं नसतं. अंतरिम उत्तर गेलं म्हणजे खातं शब्दाला बांधलं गेलं. अंतिम उत्तर जाईपर्यंत ती फाईल बंद करता येत नाही. तपासणीला साहेब आले की पहिल्यांदा तेवढंच बघायचे. होकार असो नाहीतर नकार, माझ्या टेबलावरून एकही माणूस बिनउत्तराचा गेला नाही. लोक मला खडूस म्हणायचे, पण कोणी ताटकळला असं म्हणाले नाहीत.

सौरभ लहानपणी रविवारी माझ्याबरोबर ऑफिसात यायचा आणि लिफाफ्यांवर शिक्के मारत बसायचा. अंतरिम उत्तराची किंमत त्याला वेगळी सांगायला नको.

तेव्हा मी तयारीला लागलोय. पासपोर्ट काढून झाला. तुझ्या मामीची मोठी भांडी विहारात देऊन टाकली, त्यांना जयंतीला लागतात. पेपर बंद केला. दळण आठवड्यापुरतंच आणतो, उगाच पीठ मागे राहायला नको. विहाराचे सेक्रेटरी रामदास कांबळे येऊन गेले. वस्तीतल्या दहावीच्या मुलांना संध्याकाळी इंग्रजी शिकवा म्हणाले. मी त्यांना सांगितलं, वर्ष निम्मं झालं आणि मी निघून गेलो तर मुलांचं नुकसान होईल. ते पुन्हा आले, मी पुन्हा नाही म्हटलं. खरं तर शिकवायला आवडलं असतं.

एक विचारायचं राहिलं. तिकडे थंडीत कानटोपी घातली तर लोक हसतात का? मी घालणारच आहे, पण आधी माहीत असलेलं बरं.

मामा

·

सदाशिव पेठ
४ जुलै २००४

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी परत परत वाचलं आणि प्रत्येक वेळी भांड्यांशी येऊन अडकले. मामींची भांडी देऊन टाकलीत? निदान मला विचारायचं तरी.

मी मागच्या पत्रात तुम्हाला अर्धंच सांगितलं. तुम्ही वापर विचारला होतात आणि मी अर्थ सांगून मोकळी झाले. आता उरलेलं ऐका, आणि माझ्यावर रागावू नका.

दोन दिवसांचा नियम आहे हे खरं. पण त्या दोन दिवसांत कस्टमरचा पुन्हा फोन आला नाही, तर कॉम्प्युटर ती तक्रार आपोआप बंद करतो. 'सोडवली' असा शेरा पडतो. कोणी कळवत नाही आणि कोणी विचारायलाही जात नाही. आम्हाला 'नाही' म्हणायची परवानगीच नाहीये, मामा. कॉलमध्ये 'नो' आलं की आमचे मार्क कापतात. म्हणून जिथे नाही म्हणायचं तिथे हे म्हणायचं. बोलणाऱ्याला ते माहीत असतं, आणि ऐकणाऱ्यालाही बहुतेक वेळा कळतं.

बहुतेक वेळा. परवा ओहायोहून एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. आवाज ऐकताच मी ओळखलं, आठवड्यापूर्वी मीच त्यांना 'गेट बॅक टु यू' म्हटलं होतं. त्या भांडल्या नाहीत हो. म्हणाल्या, "चेल्सी, तू कळवते म्हणालीस, म्हणून मी मुलीकडे राहायला गेले नाही. तुझा फोन आला असता आणि मी घरी नसते, तर?" मी काय केलं असेल? सॉरी म्हटलं आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं. नंतर टॉयलेटमध्ये जाऊन रडले.

मामा, दादाला स्पष्ट विचारा. हो की नाही. आणि तोपर्यंत घरातलं काही देऊन टाकू नका, कांबळे काकांनाही नाही म्हणू नका. पेपर परत सुरू करा.

मी येते, मग समोर बसून बोलू. या महिन्यात बघते.

चैताली

·

येरवडा
१२ जुलै २००४

चि. चैताली हिला,

दिनांक ४ चे पत्र पोचले. मजकूर वाचला.

तुझ्या कंपनीच्या कामकाजाची माहिती दिल्याबद्दल आभारी आहे. ती प्रिंटरच्या बाबतीत उपयोगी पडेल. माझ्या घरी प्रिंटर नाही, मुलगा आहे. तो कोणत्याही कॉम्प्युटरने आपोआप बंद होत नाही.

स्पष्ट विचार म्हणतेस. मार्चमध्ये स्मरणपत्र पाठवलं, मे महिन्यात दुसरं पाठवलं. पहिल्याच्या उत्तरात नातवाचा बर्फातला फोटो आला. दुसऱ्याच्या उत्तरात त्यांच्या नव्या गाडीचा. दोन्ही छान आहेत. माझ्या प्रश्नाबद्दल त्यात काही नव्हतं, म्हणजे निर्णय झालेला नाही. निर्णय झाला नसेल तर तो काय कळवणार? घाई तुला आहे, मला नाही.

यापुढे या विषयावर पत्रव्यवहार नको.

भी. रा. ओव्हाळ

·

सदाशिव पेठ
१९ सप्टेंबर २००४

मामा,

तुम्ही नको म्हणालात, तरी लिहितेय. दोन महिने गप्प बसले. तुमचंही काही आलं नाही. आईला विचारलं तर म्हणाली, तुझ्या मामाने एकदा 'पत्रव्यवहार नको' लिहिलं की ब्रह्मदेव आला तरी दार उघडत नाही.

मी सौरभ दादाला फोन केला. माझ्या मोबाइलवरून, माझ्या मनाने. तुम्ही मला तसं करायला सांगितलं नव्हतं, हे मी त्याला आधीच सांगितलं. तो पहिल्यांदा खूप बोलला. ऑफिसमध्ये माणसं काढताहेत, पुढच्या वर्षी तो स्वतः तिथे असेल की नाही हे त्यालाच माहीत नाही. दोघंही दिवसभर बाहेर. तुम्ही बंद घरात बसाल, बाहेर पडलात तर गाडीचा हॉर्न ऐकू येणार नाही. वहिनीची आई आधीच येऊन राहिलीय आणि त्यावरून घरात धुसफूस चालते. मी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, दादा, म्हणजे नाही ना? तो म्हणाला, "लेट मी गेट बॅक टु यू."

मी त्याला म्हटलं, हे वाक्य मी दिवसातून शंभरदा म्हणते, मला नको सांगूस. मामा पीठ आठवड्याचंच दळून आणतात, माहितीये तुला? तेव्हा तो म्हणाला, "नाही. नाही जमणार. मला बाबांना असं लिहिता येत नाही, किती वेळा बसलो लिहायला. तू सांगशील?"

तर मामा, उत्तर नाही असं आहे. आत्ता नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. दादा वाईट नाहीये. नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं, एवढंच. मला पण हे लिहिणं जिवावर आलंय. तीन कागद फाडले.

मला शिव्या घाला हवं तर, पण गप्प बसू नका. ऑफिसात थोडी गडबड चालू आहे. ती निस्तरली की येते, नक्की बघते.

चैताली

·

येरवडा
२४ ऑक्टोबर २००४

चि. चैताली,

उत्तर मिळालं, त्याला महिना होऊन गेला. पोच द्यायला मी उशीर केला, असं माझ्याकडून पूर्वी झालं नव्हतं.

वाईट वाटलं. रडलोही. दार लावून रडायला निघालो, मग लक्षात आलं की घरात कोणी नाहीच, तर दार कशाला लावायचं. सौरभवर रागावून बघितलं, जमलं नाही. तो धुसफुशीचं सांगतो ते खरं असणार, कारण तुझ्या मामीची आई आमच्याकडे राहायला आली होती तेव्हा मीही काही कमी केलं नव्हतं. पण पोरी, मला एवढंच वाटतं की फेब्रुवारीतच 'नाही' म्हणाला असता तर मी फेब्रुवारीतच रडून मोकळा झालो असतो. आठ महिने मी घरात पाहुण्यासारखा राहिलो. स्वतःच्याच घरात.

दसऱ्याला विहारात गेलो आणि रामदासना म्हटलं, मुलं अजून रिकामी आहेत का. दुसऱ्या दिवसापासूनच शिकवतोय. मुलं चुकीचं बोलतात की बरोबर ते मला ऐकू येत नाही, म्हणून सगळं फळ्यावर लिहायला लावतो. अक्षर भयंकर आहे सगळ्यांचं.

आता तुझं. तुझी पत्रं काढून बघितली. प्रत्येकाच्या शेवटी 'बघते, सवड मिळाली की येते' आहे. सौरभचं आणि तुझं वेगळं कसं मानू? मला बेल ऐकू येत नाही. तू येऊन, वाजवून परत जाशील म्हणून जूनपासून दर रविवारी मी दार उघडं टाकून बसतो. शेजारची मांजर येते, दूध पिते, जाते. मला तिचा राग येत नाही, ती काही सांगून येत नाही.

मी रागाने लिहीत नाहीये. तुझं वय कामाचं आहे, झोपेचं आहे. फक्त मला एकदाच उत्तर दे. येणार आहेस की नाही? नाही असेल तर नाही लिही. मी दार लावून घेईन आणि दुपारी झोपत जाईन.

मामा

·

सदाशिव पेठ
३१ ऑक्टोबर २००४

प्रिय मामा,

नाही.

या रविवारी नाही, पुढच्याही नाही आणि दिवाळीलाही नाही. आमचं प्रिंटरचं सगळं काम कंपनीने गुडगावला हलवलं. जो येईल त्याची नोकरी राहील, नाही येणार त्याची जाईल. ऑगस्टमध्येच कळलं होतं. सप्टेंबरच्या पत्रात मी 'गडबड' लिहिलं ती हीच. दादाला 'सरळ सांग' म्हणून दरडावत होते आणि स्वतः तुमच्यापासून लपवत होते. तुम्ही आधीच एका उत्तराची वाट बघत होतात, त्यात मी पण निघाले हे कुठल्या तोंडाने सांगू? आईला घरी पैसे लागतात, मला नोकरी सोडता येत नाही.

उघड्या दाराचं वाचलं आणि मी गोदाबाईंच्या समोर जिन्यात बसून हमसून हमसून रडले. त्यांना वाटलं, तुरुंगातले मामा गेले. त्यांनी मला पाणी आणून दिलं.

गाडी शनिवारी संध्याकाळी आहे, पुणे स्टेशनवरून. त्याआधी रोज शिफ्ट आहे, शेवटच्या दिवसापर्यंत. कधी परत येईन ते मला माहीत नाही. वर्षभर तर रजा नाही. बघते असं मी यावेळी लिहिणार नाही.

स्टेशनवर येऊ नका. तुम्ही समोर दिसलात तर माझा पाय गाडीत चढणार नाही.

दार लावून घ्या, मामा.

तुमची,
चैताली

·

येरवडा
३ नोव्हेंबर २००४

चि. चैताली,

उत्तर पोचलं. पहिल्याच ओळीत दिलंस, चांगलं केलंस. वाचून खूप वेळ बसून राहिलो. मग दार लावलं.

शनिवारी मी स्टेशनवर येणार आहे. येऊ नका म्हणतेस ते वाचलं, मंजूर नाही. त्या गोंगाटात मला एक अक्षर ऐकू येणार नाही, तेव्हा काही बोलायचं ओझं मनावर घेऊ नकोस. मी फलाटावर उभा राहीन. तू गाडीत चढायचं आणि जायचं.

मामा